आवाज थांबला तरी हलायचं नाही

एमआरआयला जायचं ठरलेले लोक मला दोन गोष्टी विचारतात. आत कोंडल्यासारखं होतं का, आणि दुखतं का. दुखत नाही. कोंडल्यासारखं होतं, पण डोळे मिटूनच आत गेलात आणि बाहेर येईपर्यंत उघडलेच नाहीत तर निभावतं. तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. आजारपणात मला भीतीपेक्षा जळफळाटानं जास्त छळलं. आणि जिच्यावर मी जळत होते तिनेच त्या मशीनमध्ये माझा पाय धरून ठेवला होता, त्यामुळे मनासारखं जळताही आलं नाही.

ती म्हणजे निर्मला, माझी धाकटी जाऊ. सगळे तिला निमा म्हणतात. माहेर मानकोलीचं, वडिलांच्या जमिनीवर आता गोडाऊन उभी आहेत. तिच्या कानात कुड्या, वर वेल, आणि शिवाय ऐकूही येतं. माझं माहेर दिघाशीचं. मी आले ती दोन साड्या आणि एक पितळी हंडा घेऊन. हे सगळं मी एरवी बोलले नसते, पण या लिखाणात खोटं सांगून तुम्हाला उपयोग नाही.

मागाचं खापर

आम्ही धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत राहतो. शेजारी यंत्रमागाचं खातं, म्हणजे कारखाना. आमच्या गल्लीत प्रेमानं बोललं तरी भांडण वाटतं, कारण सगळेच मोठ्यानं बोलतात. मी स्वतः अकरा वर्षं कांड्या भरल्या. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात आडव्या सुताची कांडी बसते, ती संपली की माग थांबतो आणि बाईनं भरलेली कांडी तयार ठेवावी लागते. नंतर मी कपडा तपासणीला लागले. टेबलावरून कपडा सरकत जातो, मी दोष शोधते आणि खडूनं खूण करते. आमचे हे त्याच खात्यात जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे.

आधी मला वाटलं मोबाइल बिघडला. डाव्या कानाला लावला की समोरचा माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटायचं. मोबाइल बदलला. मग त्या कानात शिट्टी वाजू लागली, दिवसभर, बारीक. मग जिना उतरताना एकदा तोल गेला. सगळ्यांनी एकच निदान केलं, माग. भिवंडीत कान गेला तर दुसरं काय असणार? हे म्हणाले, "माजं बग, तीस वर्सं झाली, दोनी कान आर्धं गेलं. तुजा एकच गेलाय, खुश रा."

कानाच्या डॉक्टरांनी एका काचेच्या खोलीत बसवून कान तपासले. कागदावर दोन रेघा आल्या. उजवी सरळ जात जात शेवटी जराशी खाली, डावी दरीत पडलेली. डॉक्टर म्हणाले, "मागाचा आवाज दोन्ही कानांना सारखाच मारतो, बाई. एकाच कानाला मारत नाही. आत नसेवर काही आहे का ते बघावं लागेल. एमआरआय करून घ्या."

मी घरी परत येताना गल्लीतल्या प्रत्येक बहिऱ्या माणसाकडे बघत आले. कानामागे हात धरून "आँ? आँ?" करणारे सगळे. त्यांचे दोन्ही कान गेले होते आणि कारण साधं होतं. मला त्यांचा इतका हेवा वाटला की चहाच्या टपरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे मी रागानं बघितलं. त्या बिचाऱ्यानं मला नमस्कार केला.

पहिली खेप

एमआरआय सेंटरच्या बाकावर दोन जाती असतात, गुडघावाले आणि डोकंवाले. हे माझं वर्गीकरण आहे. गुडघावाले पेपर वाचतात, एकमेकांना तेल सुचवतात. डोकंवाले गप्प असतात. मी त्या गुडघावाल्यांचे गुडघे बघत बसले होते. एवढे सुजलेले, तरी मला हवे होते.

आत गेले तेव्हा तिथल्या तंत्रज्ञ मुलीनं, तिचं नाव नाझनीन, कानात बोळे घातले, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी जाळी बसवली आणि म्हणाली, "आंटी, बिलकुल हिलायचं नाही. बस." मी म्हटलं, नाही हलणार. आणि दणदणाट सुरू झाला.

खरं सांगते, मला तो आवाज घरचा वाटला. बाकीचे लोक त्या आवाजाला घाबरतात, मला झोप यायला लागली. ठोका धरून चाललेलं यंत्र म्हणजे सगळं ठीक आहे, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. पुढे काय झालं ते मला त्या दिवशी कळलंच नाही. अर्धा-पाऊण तासानं मी बाहेर आले, घरी जाऊन आमटीला फोडणी घातली.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं की रुग्णाच्या हालचालीमुळे चित्रं धूसर आहेत, नक्की सांगता येत नाही, तपासणी पुन्हा करावी.

"तू हालली?" यांनी विचारलं.

"न्हाय."

"मंग ह्ये काय?"

"त्यांचं मशीन बिघाडलं आसंल." मी शपथेवर सांगायला तयार होते. सात वर्षं दुसऱ्यांच्या कपड्यातले दोष काढणाऱ्या बाईला स्वतःचा दोष दिसत नव्हता.

निमा ओट्याशी उभी होती. भाजी चिरता चिरता म्हणाली, "फुडच्या टायमाला मी जाते संगती. आत बसू देतात एकाला."

मला ते अजिबात नको होतं. घरात कांदा कुठला, मीठ किती हे ती आधीच ठरवू लागली होती, कारण मला चक्कर यायची. आता माझ्या आजारातही तिला शिरायचं होतं. पण यांना आत बसता येत नव्हतं, मांडीत जुन्या अपघाताची सळी आहे, आणि आत धातू चालत नाही. मुलगी श्रुती म्हणाली, तिला भीती वाटते. राहिली निमा.

एका ओळीत पूर्ण डोकं

दुसऱ्या खेपेला नाझनीननं आम्हा तिघांना, मला, निमाला आणि यांना, आधी संगणकासमोर बसवलं. ती इथलीच, विणकराच्या घरातली. तिच्या आजोबांचा हातमाग होता. कदाचित म्हणूनच तिनं आमच्याशी आमच्या भाषेत बोलायचं ठरवलं.

"आंटी, तुम्ही कांडीवर होता का कधी?"

मी चमकले. तिला कसं कळलं?

"मैं काच में से देख रही थी. मशीन चालू असलं की तुम्ही एकदम पत्थर. थांबलं, की तुमचं डोकं उजवीकडं फिरतं आणि हात खाली जातो. माझी नानी असंच करायची. टोपली शोधायची."

आता मला आठवलं. आठवलं म्हणजे अंगाला आठवलं. माग थांबला की मान वळवून कुठला थांबला ते बघायचं आणि हात टोपलीत घालायचा. अकरा वर्षं. आवाज आहे तोवर विश्रांती, शांतता झाली की पळा. बाकी सगळी दुनिया याच्या उलट वागते.

"पन थांबल्यावर हालली तर काय बिघाडतं?" निमानं विचारलं. "मशीन तर बंद हाय तवा."

"बंद नसतं, भाभी. ओळ संपते. कपड्याचा तागा नाही संपत."

मग तिनं जे सांगितलं ते मला जसं समजलं तसं लिहिते. हे मशीन फोटो काढत नाही. आपल्या अंगात सगळीकडे पाणी आहे, त्याला ते चुंबकाच्या जोरावर छेडतं, आणि ते पाणी रेडिओसारखा बारीकसा सिग्नल देतं. डोक्यावरची जाळी तो सिग्नल पकडते. आपल्याला ऐकू येतो तो दणदणाट वेगळा, तो मशीनच्या आतल्या वेटोळ्यांचा. खरं बोलणं कानाला ऐकूच येत नाही. डोक्यातल्या प्रत्येक जागेला मशीन जरा वेगळा सूर लावून देतं, आणि सगळ्या जागा एकदम बोलतात. तो सगळा कालवा ओळीओळीनं टिपून घ्यायचा. एक ओळ, थोडं थांबायचं, पुढची ओळ. अशा शेकडो ओळी. सगळ्या हातात आल्या की मग संगणक बसून हिशोब करतो, कुठला सूर कुठल्या जागेचा, आणि चित्र तयार होतं.

हे तोवर काचेतून मशीन बघत होते. एकदम म्हणाले, "म्हंजे आमच्या खात्यासारखा. चोवीस माग एकदम चालतात, पन सातव्याचा ठोका चुकला की मना दारातनं कलतं."

"वही तो, चाचा! कॉम्प्युटर बस तेच करतं."

ते खूश झाले. मला मात्र त्यांचाही हेवा वाटला. अर्ध्या गेलेल्या कानांनी हा माणूस चोवीस आवाज वेगळे करत होता. मला तर चार माणसांच्या गप्पांत कोण बोलतंय तेही कळेनासं झालं होतं. एका कानानं आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते समजत नाही. स्वयंपाकघरात पातेलं पडलं तर मी दाराकडे बघते.

नाझनीननं पडद्यावर एक चौकोन दाखवला. काळ्या पाटीवर मधोमध कुणी मूठभर तांदळाचं पीठ टाकलंय आणि ते उडत उडत कडेला गेलंय, तसं. हा कच्चा माल, ती म्हणाली. मधे जो पांढरा ढीग आहे त्यात डोक्याचा ढोबळ आकार आणि उजेड-अंधार असतो, कडेच्या भुरभुरीत बारीक कडा. नस कुठे संपते, गाठ कुठे सुरू होते, ते कडेकडे.

"माझं डोकं कुठंय यात?" मी विचारलं.

"सगळीकडं. हर एक लाइन में थोडा थोडा पूरा सर."

"मग जिथं मी हलले तेवढ्या ओळी खडूनं खूण करून काढून टाक ना." कपड्यात एक धागा चुकला तर तेवढीच एक आडवी रेघ दिसते. ती दाखवायची, बाकीचा कपडा चांगला.

नाझनीननं मान हलवली. इथे तसं नाही. एक ओळ बिघडली तर त्या ओळीत पूर्ण डोकं असल्यामुळे बिघाड सगळ्या चित्रावर पसरतो. तिनं माझं पहिलं चित्र दाखवलं. माझ्या डोक्याच्या बाजूला माझ्याच डोक्याच्या फिकट सावल्या, एकावर एक. कानाच्या नसेची जागा त्या सावल्यांखाली बुडाली होती. सात वर्षांत मी असा खराब माल बघितला नव्हता.

फुली

निमाला आत यायचं तर अंगावरचं सगळं उतरवावं लागणार होतं. कुड्या निघाल्या, वेल निघाले, बांगड्या, जोडवी. मंगळसूत्र तिनं क्षणभर हातात धरलं आणि माझ्या नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. "भावोजी, संबाला." नाकातली फुली मात्र निघेना. लग्नाआधीपासून घातलेली. सेंटरच्या मावशीबाई म्हणाल्या, राहू दे, तुम्ही बाहेर बसा. मला सुटल्यासारखं झालं, हे कबूल करते. निमानं बेसिनवरचा साबण घेतला, आरशात बघून फुली फिरवत फिरवत ओढली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक लालभडक. फुली निघाली.

दागिन्यांशिवाय ती कशी दिसेल याचं मला बरेच दिवस कुतूहल होतं. चांगली दिसत होती. ती जरा तरी कमी दिसावी, तेही माझ्या नशिबी नव्हतं.

मी आत सरकले. पायाशी स्टूल टाकून ती बसली आणि माझ्या उजव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला. ठरलं असं की आवाज थांबला की ती अंगठा दाबणार. दाबला म्हणजे अजून चालू आहे, हलायचं नाही.

दणदण झालं. थांबलं. माझी मान वळायला निघाली होती, मानेच्या शिरा ताणलेल्या मला जाणवल्या. आणि अंगठ्यावर दाब आला. जोरात. तिच्या नखाचा. मी थांबले. पुन्हा आवाज, पुन्हा शांतता, पुन्हा नख. मधेच रंगाचं इंजेक्शन झालं, पुन्हा आत. शेवटी शेवटी माझ्या अंगठ्याला वळ उठला होता. तिला विचारलं, एवढ्या जोरात कशाला? म्हणाली, "हालू दिली आस्ती तर परत फुली काडायला लागली आस्ती."

गाठ

या वेळी चित्र स्वच्छ आलं. डाव्या कानाच्या नसेवर गाठ होती, वाटाण्याएवढी. कॅन्सर नव्हे, डॉक्टरांनी हे पहिल्याच वाक्यात सांगितलं, त्याबद्दल त्यांचे उपकार. पण ती वाढत असेल तर काढावी लागेल. काढताना डावा कान पूर्ण जाईल, आणि शेजारूनच चेहऱ्याची नस जाते, तिला धक्का लागला तर तोंडाची डावी बाजू लुळी पडू शकते. वाढत नसेल तर हातही लावायचा नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय, दोन चित्रं शेजारी ठेवून बघू.

म्हणजे माझा कान आणि माझं तोंड त्या पुढच्या चित्रावर अवलंबून होतं, आणि ते चित्र मी न हलण्यावर. घरी येऊन मी आरशात हसून बघितलं. दोन्ही बाजूंनी हसता येत होतं. निमा मागून गेली, तीही हसली, तिला वाटलं मी तिच्याकडे बघून हसले.

सहा महिने

ज्यांना असं थांबायला सांगितलंय त्यांच्यासाठी हे लिहिते. थांबणं म्हणजे काही न करणं असं लोकांना वाटतं. मी त्या सहा महिन्यांत घरातल्या प्रत्येकाच्या कानावर लक्ष ठेवलं. कोण कोणाच्या कानाला लागतं, कोण कुठे बसतं. माझ्या डाव्या बाजूला सतत काहीतरी चाललेलं असायचं. मान वळवली की थांबायचं. निमा आणि श्रुती. निमा आणि हे. निमा आणि शेजारीण.

श्रुतीला बारावीनंतर कल्याणच्या कॉलेजात जायचं होतं हे मला आठ दिवसांनी कळलं. काकूला पहिल्या दिवशी.

"मला का नाही सांगितलंस?"

"आई, तुला दोनदा सांगावं लागतं. दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगावं लागतं. मग सगळी गल्ली ऐकते."

ती चिडून बोलली नव्हती, साधं उत्तर दिलं होतं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. आजारानं मला हे केलं म्हणून नाही, निमानं माझी मुलगी नेली म्हणून रडले. तेव्हा तसंच वाटत होतं.

एका सकाळी तांदळाच्या भाकऱ्या चालल्या होत्या. मी थापत होते, निमा भाजत होती, श्रुती डबा भरत होती. डोळ्याच्या कोपऱ्यातून डाव्या बाजूला पुन्हा कुजबुज दिसली. माझ्या हातातला उंडा मी परातीत आपटला. पीठ उडालं.

"काय बोलता गं माझ्या पाठी? मोठ्यानं बोला की. मरायला टेकले न्हाय मी अजून."

निमा तव्यावरून हात न काढता म्हणाली, "उजवीकडं जा, आसं सांगते पोरीला. ताईंना डावीकडनं कलत न्हाय, उजवीकडं जाऊन बोल. भावोजींना पन त्येच सांगते, शेजारनीला पन त्येच. रोज सांगते, ही मानसं रोज इसरतात."

मी परातीतला उंडा पुन्हा उचलला.

"आनी तुमच्याबद्दल पन बोलते," ती पुढे म्हणाली. "मी काय देवी हाय का? सकालपासनं तुमी भांडी आपटता, कोनाला धड जबाब देत न्हाय, ह्ये बोलू नको?" आणि भाकरी उलटली. भाकरी टम्म फुगली.

अशा वेळी माणसाचं मन हलकं होतं असं म्हणतात. माझं झालं नाही. उलट आता चांगुलपणाही तिचाच झाला आणि माझ्याकडे फक्त आदळआपट उरली. पण त्या दिवसानंतर मी डावीकडे वळून बघणं सोडलं. तेवढाच मानेला आराम.

एका खेपेत दोघी

सहा महिने भरत आले आणि निमाचा उजवा गुडघा गेला. मानकोलीला रिक्षातून उतरताना पाय मुरगळला, सूज उतरेना. तिलाही एमआरआय सांगितला. नाझनीन म्हणाली, एकाच दिवशी या, एका खेपेत दोघींचं करू.

आधी माझं झालं. निमानं लंगडत आत येऊन अंगठा धरला, नख लावलं, मी दगडासारखी पडून राहिले. बाहेर आल्यावर मी नाझनीनचा चेहरा तपासला, जसा कपडा तपासतात तसा, वरपासून खालपर्यंत. काही सापडलं नाही. "आंटी, मैं नहीं बोल सकती. डॉक्टरसाहब दोनों फिल्म बाजू-बाजू लगाके देखेंगे. तासभर बसा."

त्या तासात निमाचा गुडघा होता. मी तिच्यासोबत आत गेले. तेव्हा मला कळलं की गुडघ्यासाठी पाय आधी आत जातात. डोकं बाहेर राहतं! छतावरचा दिवा दिसतो, पंख्याचा वारा लागतो, सोबतच्या माणसाचं तोंड दिसतं. बाकावरच्या त्या गुडघावाल्यांचा मी उगाच नव्हता हेवा केला. मी तिच्या डोक्याशी बसले आणि तिचा हात हातात घेतला.

दणदण सुरू झालं. पाच मिनिटांत निमा झोपली. घोरायला लागली. बाहेर डॉक्टर माझ्या दोन फिल्मा शेजारी शेजारी लावत असतील, माझ्या तोंडाची एक बाजू राहणार की जाणार ते बघत असतील, आणि ही बाई घोरत होती. नाकातल्या रिकाम्या भोकाच्या कडेला पुन्हा लाली होती. मला तिची झोप हवी होती, तिचा गुडघा हवा होता, तिचे दोन कान हवे होते.

आवाज थांबला.

मी तिचा हात दाबला. नख लावून, जीव खाऊन.

निमा ओरडून उठली, पाय आत आपटला. नाझनीन माइकवरून ओरडली, "अरे किसने हिलाया?"

मी म्हटलं, "मी."

तो दाब काळजीचा होता का सवयीचा का रागाचा, हे नंतर यांनी विचारलं. मी नाझनीनच्या काळ्या चौकोनाबद्दल विचार करत होते. कुठली ओळ कशाची ते वेगळं काढून सांगणारा संगणक माझ्याजवळ नाही. तिघांचंही थोडं थोडं असणार.

निमा आधी शिव्या देणार असं वाटलं. तिनं हाताकडे बघितलं, चंद्रकोरीसारखं नख उमटलं होतं. म्हणाली, "झाली बराबरी. तुमचा पन एकदा बिघाडला, माझा पन." आणि परत आडवी झाली. नाझनीननं तेवढी तपासणी पहिल्यापासून घेतली. या वेळी मी हात मागे बांधून बसले.

डॉक्टरांनी सांगितलं, गाठ वाढलेली नाही. आहे तेवढीच आहे. आता वर्षानं या. हे खुर्चीवरच रडले. मी रडले नाही, मी दोनदा विचारलं, कारण डॉक्टर माझ्या डावीकडून बोलत होते आणि मला खात्री हवी होती. निमानं डॉक्टरांना दंड धरून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आणलं. "हिकडनं सांगा." त्यांनी उजवीकडून पुन्हा सांगितलं. वाढलेली नाही.

निमाची गुडघ्यातली गादी फाटली होती. दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागलं. ते ऐकून मला आधी बरं वाटलं, एका श्वासापुरतं. मग स्वतःची शरम वाटली. हा क्रम असाच होता, बदलून लिहीत नाही.

ऑपरेशननंतर ती घरी आली तेव्हा अख्खं मानकोली आमच्या खोलीत लोटलं. नारळ, सफरचंदं, सुकी मासळी. पलंगावर मधोमध निमा, पाय उशीवर, फुली परत नाकात, आजूबाजूला बायकांचा गराडा. मला सहा महिन्यांत एवढी माणसं बघायला आली नव्हती. गाठ दिसत नाही ना, गुडघ्याची पट्टी दिसते. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिले आणि ओळखीची कळ उठली. त्या कळेला मी आता नावानं ओळखते.

निमानं मला बघितलं. तिच्या डावीकडे तिची मावशी बसली होती, मांडी घालून, चांगली ऐसपैस.

"मावशे, उठ तिथनं," निमा म्हणाली.

"का गं? बसलेय की मी."

"ती जागा ताईंची हाय. ताई माझ्या डावीकडं बसतात, तवा त्यांना कलतं."

मावशी कुरकुरत उठली. मी ट्रे ठेवला आणि जाऊन बसले. माझा उजवा कान तिच्याकडे. ती तासभर बोलत होती, भावांबद्दल, गुडघ्याबद्दल, माझ्या भांडी आपटण्याबद्दलसुद्धा, आणि मला त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला.